इतिवृत्तातला निवेदक

पदव्युत्तर वर्गाला दासबोध शिकवताना दुसऱ्या दशकातले दोन समास मी नेहमी एकत्र घेते. पहिला 'मूर्खलक्षण' आणि दहावा 'पढतमूर्खलक्षण'. पहिल्यावर वर्ग खळखळून हसतो. दुसऱ्यावर जरा जपून हसतो. पढतमूर्खांची यादी सुरू करण्याआधीच रामदास श्रोत्यांना सांगून ठेवतात की, ऐकून वाईट वाटून घेऊ नका. म्हणजे श्रोत्याला त्यात स्वतःचा चेहरा दिसणार आणि तो दुखावणार, हे कवीने गृहीत धरले आहे. माझा इतक्या वर्षांचा अनुभव मात्र असा की, वाईट कोणालाच वाटत नाही. विद्यार्थ्यांना त्यात प्राध्यापक दिसतात, आणि मला (कबूल करायला हरकत नाही) माझे काही सहकारी दिसत आले.

हे आठवण्याचे कारण असे की, मध्यंतरी आमच्यासारख्या विभागप्रमुखांसाठी 'नेतृत्व आणि आत्मभान' या विषयावर एक कार्यशाळा झाली. पॉवरपॉइंटवर चार चौकटींची जोहरी खिडकी आली. जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगम या मानसशास्त्रज्ञांनी ती १९५५ मध्ये मांडली; आपल्याविषयी इतरांना जे दिसते पण आपल्याला दिसत नाही, त्याची तीत एक स्वतंत्र चौकट असते. मग गोलमन यांची भावनिक बुद्धिमत्ता आली. चहा झाला. प्रमाणपत्रे मिळाली. मराठीच्या आम्ही दोघीतिघी मात्र 'आत्मभान' या शब्दापाशीच अडखळलो होतो.

कारण हा शब्द आमच्याकडे फार वेगळ्या वाटेने आलेला आहे. दलित साहित्याच्या आणि पुढे स्त्रीवादी समीक्षेत तो आपण वापरला तो दडपलेल्या माणसाला स्वतःची ओळख पटण्याच्या अर्थाने. त्या शब्दामागे एक संघर्ष आहे. व्यवस्थापनशास्त्राने तोच शब्द खुर्चीवर बसलेल्या माणसाचे एक कौशल्य म्हणून उचललेला पाहून प्रथम रागच येतो. पण मग वाटले, आपल्याही वापरात एक सोय दडलेली नव्हती का? आत्मभान यायचे ते खालच्याला. वरच्याने त्याचे स्वागत करायचे, त्याच्या आत्मकथनावर चर्चासत्र घ्यायचे. वरच्यालाही ते यावे लागते, अशी मागणी आपण आपल्या वर्गात, आपल्या विभागात कधी केली? निदान मी तरी केली नव्हती.

आता माझ्या विभागाची गोष्ट. ज्येष्ठतेने प्रमुखपद माझ्याकडे आले तेव्हा माझी स्वतःविषयीची समजूत अगदी स्पष्ट होती. मी लोकशाहीवादी. आधीच्या प्रमुखांसारखी हुकूम सोडणारी नव्हे. सर्वांना विचारून निर्णय घेणारी. विभागात आम्ही पाच जण. तिघे पूर्णवेळ, आणि तासिका तत्त्वावरचे दोन तरुण प्राध्यापक. ही शेवटची व्यवस्था महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत काय आहे हे येथे वाचणाऱ्यांना सांगायला नको. मोबदला तासापुरता, नेमणूक त्या वर्षापुरती, पुढच्या वर्षी पुन्हा मुलाखत.

नॅकच्या तयारीसाठी दोन वर्षांच्या विभागीय बैठकांची इतिवृत्ते एकत्र करायची होती. रविवारी दुपारी वही घेऊन बसले. अकरा बैठका. तिसऱ्या-चौथ्या बैठकीपाशी पेन्सिल हातात घेतली, ती केवळ पाठ वाचायच्या सवयीने. क्रियापदांचे कर्ते पाहू लागले. 'विभागप्रमुखांनी सांगितले', 'विभागप्रमुखांनी स्पष्ट केले', 'विभागप्रमुखांनी असे सुचवले की'. त्याखेरीज जे होते ते कर्मणी: 'चर्चा करण्यात आली', 'सर्वानुमते मंजूर करण्यात आले'. तासिका तत्त्वावरच्या दोघांपैकी एका सरांचे नाव अकराही बैठकांत फक्त स्वाक्षऱ्यांच्या रकान्यात होते.

निवेदक कोण, कोणाच्या नजरेतून कथा सांगितली जाते, कोणाला आवाज नाही, हे मी वीस वर्षे कादंबऱ्यांच्या संदर्भात शिकवते आहे. स्वतःच्या विभागाच्या वहीत ते दिसायला नॅक यावे लागले.

वेळापत्रकाच्या बैठकीचे पान पुन्हा काढले. त्या सरांचा पहिला तास सकाळी साडेसातला आणि दुसरा साडेअकराला होता. मधले तीन-सव्वातीन तास ते ग्रंथालयात बसत. त्यांच्या अभ्यासूपणाचे मी प्राचार्यांसमोर कौतुकही केले होते! त्या मधल्या वेळाचे पैसे मिळत नाहीत, आणि तेवढ्यात दुसऱ्या महाविद्यालयात तास घेता आले असते, हे मला ठाऊक नव्हते असे म्हणता येणार नाही. ठाऊक होते, लक्षात आले नव्हते. 'सर्वानुमते' या शब्दात त्यांचे मत मीच टाकले होते.

टाशा युरिक या संशोधक बाईंनी २०१८ मध्ये 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये लिहिले की, बहुतेकांना आपण स्वतःला नीट ओळखतो असे वाटते, पण त्यांच्या कसोट्यांना उतरणारे जेमतेम १० ते १५ टक्के निघतात. अनुभव आणि अधिकार वाढला की हे अंतर कमी न होता वाढू शकते. त्यांचा एक मुद्दा मला फार पटला. 'मी अशी का वागले' असे विचारत बसलेला माणूस कारणे रचतो. 'काय झाले, आता काय करता येईल' हा प्रश्न अधिक उपयोगी. माझेही तसेच झाले. 'का'ची उत्तरे माझ्यापाशी भराभर तयार होती: वर्गखोल्या कमी, दोन सत्रांची अडचण, वरून आलेली घाई. एकही खोटे नव्हते. सगळी मिळून एक उत्तम बचावाचे भाषण झाले असते. 'काय' विचारल्यावर उरला तो फक्त एक कागद आणि त्यातली सव्वातीन तासांची पोकळी.

कार्यशाळेत सांगितलेला उपाय असा होता की, हाताखालच्यांकडून मोकळा अभिप्राय घ्यावा. हे ज्यांनी लिहिले त्यांना तासिका तत्त्व माहीत नसावे. जूनमध्ये ज्यांच्या मुलाखतीला मी समोर बसणार, त्यांनी जानेवारीत मला माझे दोष सांगायचे? मी विचारलेही. सर हसून म्हणाले, "नाही मॅडम, तुमच्यासारखा सपोर्ट कुठे मिळतो?" हे वाक्य मी आयुष्यात अनेकदा माझ्या वरिष्ठांना म्हटलेले आहे. त्याचा अर्थ मला कळतो. जोहरीच्या खिडकीतली ती चौकट नुसत्या प्रामाणिकपणाने उघडत नाही. समोरच्याला बोलण्याची किंमत मोजावी लागणार नाही, अशी काही तजवीज आधी करावी लागते. ती माझ्या हातात फार थोडी आहे, आणि जेवढी आहे तेवढीही मी केली नव्हती.

म्हणून माझे मत असे झाले आहे की, नेतृत्वाच्या आत्मभानाला अंतर्मुखतेइतकीच कागदपत्रे लागतात. इतिवृत्त, वेळापत्रक, परीक्षेच्या पर्यवेक्षणाचे वाटप, सुट्टीत कोणाला बोलावले त्याची यादी. ही आपण सहज लिहिलेली आत्मचरित्रे आहेत, आणि ती लिहिताना आपण सावध नसतो. स्वयंमूल्यमापनाच्या अर्जात सावध असतो. २०१० नंतर त्या गुणांच्या रकान्यांत आपण स्वतःला कसे मांडत आलो, ते आठवून पाहावे.

वेळापत्रक बदलले. सरांचे दोन्ही तास लागोपाठ आले. त्यासाठी माझा एक तास दुपारी गेला आणि मी दोन दिवस कुरकुरले, हेही नोंदवते. बैठकीत शेवटी बोलायचे असे ठरवले. पहिल्या बैठकीत मी गप्प राहिले तर सगळेच गप्प राहिले आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहू लागले. खुर्चीचे मौनही बोलणेच असते हे तेव्हा कळले. मग विषय चार दिवस आधी लेखी द्यायला लागलो आणि इतिवृत्त लिहिण्याचे काम पाळीपाळीने सर्वांकडे गेले.

गेल्या वेळी ती पाळी त्या सरांची होती. त्यांनी लिहून आणलेल्या पानावर चौथ्या मुद्द्यात 'विभागप्रमुखांनी सुचवले. दोन सदस्यांनी असहमती दर्शवली' असे वाक्य होते. मी ते दोनदा वाचले. 'असहमती'ऐवजी 'वेगळे मत' असा शब्द सुचवावा म्हणून पेन उघडलेही होते. मग तसेच मिटले आणि सही केली.