बी आपले, तेल परक्याचे



होळीच्या आगेमागे जवस निघते. मृगाच्या सुमारास मोहाची टोळी गोळा होते. चंद्रपूर-गडचिरोलीत दोन्ही बिया पोत्यात भरून बाजारात जातात आणि त्याच बाजारातून आपण पामतेलाचे, सोयातेलाचे पाकीट घरी आणतो. बी विकले कच्चे, तेल घेतले पक्के. मधला नफा कोणाचा?

देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येते. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने कच्च्या पाम, सोया, सूर्यफूल तेलावरचे मूळ आयातशुल्क शून्यावरून २० टक्के केले. ऑक्टोबरात तेलबिया अभियानाला १०,१०३ कोटी रुपये मंजूर केले. पुढे ३० मे २०२५ ला तेच शुल्क १० टक्क्यांवर आणले. एका हाताने बियाणे वाटायचे आणि दुसऱ्या हाताने भाव पाडायचा, ही जुनीच रीत आहे.

स्पेन-इटलीचा शेतकरी काय करतो? ऑलिव्हचे फळ तोडले की लवकर गाळावे लागते, नाहीतर तेल बिघडते. म्हणून तिथे गावोगाव घाणे आहेत, कित्येक शेतकऱ्यांच्याच सहकारी संस्थांचे. बाहेरून उष्णता न देता गाळलेले तेल सर्वांत महाग विकते. आपल्याकडे ऑलिव्ह लावण्याचे कारण नाही. त्या झाडाला फुलायला थंडी लागते. पण घाणा आपल्याला नवा नाही. १९३४ साली स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाच्या मगनवाडीत झवेरभाई पटेलांनी बैलघाण्यात सुधारणा केली आणि ती ‘वर्धा घाणी’ म्हणून देशभर गेली. वर्धा आपल्या शेजारी. घाणी मात्र आपल्याच गावांतून गेली. १९९१ साली शेगावला शरद जोशींनी चतुरंग शेती मांडली. त्यातली माजघर शेती म्हणजे हेच: माल कच्चा विकू नका, घरात, गावात पक्का करा.

आता हिशेब. जवसात ३५ ते ४० टक्के तेल असते. घाणीत क्विंटलमागे सुमारे ३० किलो हाती येते, उरलेली ढेप बैलांना. जवसाचे तेल लवकर खवट होते, म्हणून बी साठवा, तेल नको. पंधरा दिवसांपुरतेच गाळा. टोळी नीट वाळवून फोडा, ओली ठेवली तर बुरशी लागते. तिचे तेल थंडीत गोठते, ती भेसळ नव्हे. टोळीची ढेप मात्र जनावरांना घालू नका, त्यात सॅपोनिन असते. ती शेतात टाका.

घाणा लावला की कर्ज फिटेल, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. बंद घाणा हा तोट्याचा घाणा. तो चालायला बारा महिने बी हवे, आणि ते एका गावाकडे नसते. पण जंगलाकडे टोळी आहे, रानाकडे तीळ, जवस आणि ज्वारीच्या कडेची करडई आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची मालकी वनहक्कधारकांना आणि गावसमूहाला दिली. २००९ साली मेंढा-लेखाने सामूहिक हक्क मिळवून दाखवला. पावसाळ्यात टोळी, दिवाळीनंतर तीळ, होळीनंतर जवस-करडई असा क्रम लावला, चार-पाच गावे एकत्र आली, तर घाणा थांबणार नाही.

कायद्याची अडचण खरी आहे. १९९८ साली दिल्लीत पिवळ्या धोतऱ्याची भेसळ असलेल्या मोहरी तेलाने माणसे मेली. तेव्हापासून खाद्यतेल बंद पॅकिंगमध्येच विकायचा नियम आहे. भेसळ थांबलीच पाहिजे. पण गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत गाळून त्याच्याच किटलीत तेल देणाऱ्या घाण्याला कारखान्याचा नियम कशाला? राज्य सरकारला सूट देण्याचा अधिकार आहे. तो वापरायला लावणे आपले काम आहे.

म्हणून या मेळाव्यात दोन ठराव करू: तेलाचे आयातशुल्क हंगामात पाडू नका, गावघाण्याला सूट द्या. आणि एक काम सरकारला न विचारता करू. प्रत्येक गावाने आपल्याकडे किती टोळी, किती तीळ, किती जवस-करडई निघते याची यादी पुढच्या बैठकीला आणावी. घाणा कुठे बसवायचा, ते त्या यादीवरून ठरेल.