शुभेच्छुकांची गर्दी

तालुक्याच्या गावी एस.टी. स्टँडबाहेर उभे राहून मान वर केली की सगळी बाजारपेठ एका फ्लेक्सवर भेटते. वर साहेब, बाजूला दादा, मधोमध गॉगल लावलेली वाढदिवसमूर्ती आणि खालच्या पट्टीत पासपोर्ट आकाराचे पंचवीस-तीस चेहरे. हे शुभेच्छुक. त्यांत हार्डवेअरवाले, कृषी सेवा केंद्रवाले, मंडप-डेकोरेशनवाले असे सगळे असतात आणि प्रत्येकाने आपला वाटा रोख मोजलेला असतो. चेहऱ्याखाली नाव असते, नावापुढे ‘भाऊ’ किंवा ‘शेठ’ असते. दुकानात काय मिळते, ते कुठे आहे, किती वाजता उघडते, याबद्दल चकार शब्द नसतो. आणि हिशेबाच्या वहीत हा खर्च ‘जाहिरात’ म्हणून पडतो!

असे फलक परवानगीशिवाय लावता येत नाहीत. त्यासाठी १९९५चा कायदा आहे, साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ साली दिलेला निकाल आहे. ते नगरपरिषदेने पाहावे. (पाहत नाही, हा भाग वेगळा.) आमचा प्रश्न धंद्याचा आहे. फ्लेक्स नसला तर स्मरणिका असते, क्रिकेटचा चषक असतो, गणपतीची आणि सप्ताहाची पावती असते. स्मरणिकेत तर अख्ख्या पानावर ‘एका हितचिंतकाकडून हार्दिक शुभेच्छा’ एवढेच छापलेले आढळते. पैसे देऊन आपले नाव झाकून ठेवण्याची ही जाहिरात जगात दुसरीकडे कुठे होत असेल असे वाटत नाही. पावती फाडली नाही तर उद्या दुकानासमोर कोण उभे राहील, ही भीती आम्हाला कळते. पण मग त्या पावतीला भीतीचाच खर्च म्हणावे.

वीस-तीस हजार वस्तीच्या गावात अनोळखी राहणे ही दुकानदाराची अडचण नसतेच. त्याचे आडनाव, आजोळ, वडिलांनी दुकान कधी टाकले, थोरल्या भावाशी वाटणी का झाली, हे सगळे गावाला पाठ असते. माहीत नसते ते त्याचे काम. दुकानदाराला वाटते, आपल्याला कोण ओळखत नाही! गिऱ्हाईक मात्र तीच वस्तू घ्यायला जिल्ह्याला जाते, नाहीतर मोबाइलवर मागवते. वर ओळखीचा दुसरा हप्ता म्हणजे उधारी. फ्लेक्सवरचे अर्धे चेहरे उधारीच्या वहीतही सापडतील.

आता मोटार रिवाइंडिंगचे दुकान घ्या. ऐन रब्बीत, गहू पाण्याला आलेला असताना विहिरीवरची मोटार जळते. शेतकरी त्या वेळी फ्लेक्स आठवत बसत नाही. तो वायरमनला विचारतो, पाइपलाइनवाल्याला विचारतो, स्टँडवरच्या चहावाल्याला विचारतो. या तिघांना ‘आज टाकली तर परवा मिळते, तार तांब्याचीच, पाच हॉर्सपॉवरला इतके रुपये’ एवढे वाक्य पाठ असेल, तर मोटार त्या दुकानात येते. (वायरमनला चहापाणी द्यावे लागते, ते फ्लेक्सपेक्षा स्वस्त पडते.) माधवराव भिडे यांनी मराठी उद्योजकांसाठी सॅटर्डे क्लब उभा केला, तिथेही हाच भर आहे: आपण काय करतो ते नेमके सांगा आणि एकमेकांना कामे द्या. तालुक्याला त्यासाठी हॉटेलातल्या बैठकीचीही गरज नाही, सलून पुरे.

पण नेमके सांगायलाच आपली जीभ रेटत नाही. भाव सांगितला तर शेजारचा दोन रुपये पाडेल, ही धास्ती. व्हॉट्सॲपचे व्यवसायासाठीचे वेगळे ॲप २०१८पासून फुकट मिळते, त्यात मालाचे फोटो दरासकट लावता येतात. दुकानदाराच्या ग्रुपवर मात्र रोज सकाळी गुलाबाचे फूल येते. गुगलच्या नकाशावर दुकान फुकट नोंदवता येते. तिथे वेळ चुकीची, फोन जुन्या सिमचा आणि फोटो कुणा गिऱ्हाइकाने काढलेला, बंद शटरचा.

आपला माल नेमका कसा सांगायचा, हे कोडे शंभर वर्षांपूर्वी एका कारखान्याने सोडवले होते. किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातल्या माळरानावर वाडी वसवली. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते असे मानणारे शेतकरी हे त्यांचे गिऱ्हाईक. तिथून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघाले ते आपला माल आणि त्याची माहिती लोकांपर्यंत न्यायला. पुढे त्याचे मोठे मासिक झाले, वाङ्मयाच्या इतिहासात गेले. सुरुवात मात्र कारखान्याच्या खबरीची होती.

आजही ही अक्कल दिसते, पण पुरुषांच्या बाजारपेठेत कमी. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लॅस्टिकचा डबा वाटण्याऐवजी स्वतः कुटलेल्या काळ्या मसाल्याची पुडी वाण म्हणून देणाऱ्या बायका आहेत. पुडीवर नाव, फोन आणि पाव किलोचा भाव. वाण परत करता येत नाही, मसाला घरात जातो, आमटीत पडतो, आणि आवडला तर उन्हाळ्यात ऑर्डर येते. या बाईला कुणी शेठ म्हणत नाही.

तेव्हा व्यापारी मित्रांनो, येत्या दिवाळीला फ्लेक्स लावायचाच असेल तर परवानगी घेऊन आपल्याच दुकानावर लावा. साहेबांचा फोटो काढा आणि त्या जागी दरपत्रक छापा. खाली दुकानाची वेळ टाका, आणि त्या वेळेला शटर वर असू द्या.