कार्यकर्त्याच्या आजाराला गद्दारी म्हणू नका

एखादा कार्यकर्ता अचानक दिसेनासा झाला की आपल्याकडे तीनच कारणे सांगितली जातात. तो विकला गेला, तो घाबरला किंवा तो दारूच्या आहारी गेला. तो आजारी असेल, हे चौथे कारण कुणाच्या मनातही येत नाही. आमच्याबाबतीत ते चौथेच कारण खरे होते. आम्हाला बायपोलर डिसऑर्डर, म्हणजे द्विध्रुवीय मनोविकार आहे. अनेक वर्षे आम्ही ते लपविले. लपविल्याने आमची अब्रू वाचली नाही आणि समाजाचेही काही भले झाले नाही, म्हणून आज लिहीत आहोत.

2006 हे धम्मदीक्षेचे सुवर्णमहोत्सवी वर्ष. त्या एप्रिलमध्ये आम्ही जवळजवळ दोन आठवडे रात्री दोन तासांहून अधिक झोपलो नाही. तरी थकवा म्हणून नव्हता. दिवसाला पाच-पाच वस्त्यांत बैठका, रात्री पुस्तिकेचे लेखन, पहाटे लोकांना फोन. एक विचार संपण्याआधी दुसरा सुरू होई. भाषणांना टाळ्या पडत होत्या. ‘कार्यकर्ता असावा तर असा’, असे ज्येष्ठ मंडळी म्हणत होती. पतसंस्थेचे कर्ज काढून आम्ही पाच हजार पुस्तिका छापायला टाकल्या. हे कर्ज फेडणार कसे, हा प्रश्न मनाला शिवलासुद्धा नाही. कुणी अडविले की आम्ही त्याच्या अंगावर धावून जात होतो. पत्नी एवढेच म्हणाली, ‘अहो, किती रात्री झाल्या, तुम्ही झोपला नाहीत.’ आम्ही तिला चळवळीची वैरीण ठरविले. वास्तविक खरे निदान तिने एकटीने केले होते. त्या आजाराला उन्माद म्हणतात आणि आम्ही सारे त्याला निष्ठा समजत होतो.

पावसाळा लागला आणि सारे उलटले. उठून तोंड धुणे हेसुद्धा डोंगराएवढे काम वाटू लागले. 29 सप्टेंबर 2006 रोजी भंडारा जिल्ह्यात खैरलांजीचे हत्याकांड घडले. पुढे महाराष्ट्रभर आपली माणसे रस्त्यावर उतरली, तरण्या पोरांनी लाठ्या खाल्ल्या. आम्ही मात्र भिंतीकडे तोंड करून पडून होतो. मोर्चाच्या घोषणा घरात ऐकू येत होत्या. उठावेसे वाटत होते, पण उठवत नव्हते. ‘भाषणापुरताच वाघ होता’, असे साथीदार म्हणाले. ते आम्हाला पटले. आपण जगायलाच लायक नाही, असेही वाटू लागले. ही नैराश्याची अवस्था होती, पण तेव्हा ती आम्हाला आमची लायकी वाटत होती.

घरात काय झाले तेही सांगितले पाहिजे. ज्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि बावीस प्रतिज्ञा आहेत, त्याच भिंतीखाली आमच्यावरून लिंबू उतरविले गेले. कुणी म्हणाले करणी आहे, कुणी म्हणाले बाहेरचे आहे. आम्ही आईला दोष देत नाही. देवऋषी गल्लीत भेटत होता आणि मनोविकारतज्ज्ञ जिल्ह्याच्या ठिकाणी बसत होता. जेथे दवाखाना पोहोचत नाही तेथे अंगारा पोहोचतो, एवढाच त्याचा अर्थ.

पहिल्या डॉक्टरांनी केवळ नैराश्याच्या गोळ्या दिल्या. त्यात चूक आमचीही होती, कारण एप्रिलची हकीकत आम्ही सांगितलीच नव्हती. आनंदाची तक्रार घेऊन दवाखान्यात कोण जातो? या आजारात नुसत्या नैराश्याच्या गोळ्यांनी काही रुग्णांत उन्माद उसळू शकतो. आमच्यात तो उसळला. पुढे एका सरकारी रुग्णालयातील डॉक्टरांनी विचारले, ‘झोप न घेताही भरपूर उत्साह, असे पूर्वी कधी झाले होते का?’ उत्तर पत्नीने दिले आणि निदान झाले.

तेव्हापासून आम्ही लिथियम घेतो. ऑस्ट्रेलियाचे डॉक्टर जॉन केड यांनी 1949 मध्ये त्याचा उन्मादावरील परिणाम जगापुढे मांडला. हे औषध नशेचे नाही. मात्र गुणकारी मात्रा आणि घातक मात्रा यांत अंतर थोडे असल्याने रक्ताची तपासणी नियमित करावी लागते, थायरॉईड आणि मूत्रपिंडावर लक्ष ठेवावे लागते. तहान लागते, हात थोडे थरथरतात. एकदा बरे वाटले म्हणून आम्ही मनानेच गोळ्या बंद केल्या आणि काही महिन्यांत पुन्हा तेच घडले. बरे वाटत होते ते गोळ्यांमुळेच, हे तेव्हा कळले.

काही विद्वान मित्र म्हणतात, हा सारा जातीच्या अपमानाचा परिणाम आहे. अपमानाने माणूस खचतो, हे आम्ही अनुभवातून जाणतो. परंतु या आजारात अनुवंशाचाही मोठा वाटा असतो आणि ताण, जागरण यांनी त्याला आमंत्रण मिळते. व्यवस्था बदलेपर्यंत रुग्णाने गोळ्यांविना थांबावे काय? दुसरीकडे विरोधक आमच्या संतापालाच वेड म्हणायला टपलेले असतात. त्यांनाही सांगतो, अन्यायाची चीड हा आजार नव्हे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 3 नुसार कुणाचा सामाजिक दर्जा किंवा त्याचे प्रचलित राजकीय मूल्यांशी न जुळणे यावरून त्याला मनोरुग्ण ठरविता येत नाही. हाच कायदा सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवांतून उपचार मिळण्याचा हक्क देतो आणि रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई करतो.

हक्क कागदावर आहेत. देशातील 12 राज्यांत 2015-16 मध्ये झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात या आजाराचे सुमारे 70 टक्के रुग्ण उपचाराविना आढळले. तालुक्याच्या रुग्णालयात लिथियम मिळते काय, रक्ताची तपासणी होते काय, हे विचारायला आपला एक तरी मोर्चा गेला आहे काय? रेशनसाठी, स्मशानभूमीसाठी आपण मोर्चे काढतो. हाही तितकाच आपला प्रश्न आहे.

चळवळीने आपल्या घरातही सुधारणा केली पाहिजे. चार रात्री न झोपलेल्या कार्यकर्त्याला टाळ्या देऊ नका, घरी पाठवा आणि त्याच्या घरच्यांचे ऐका. जो दिसेनासा झाला त्याच्या दारी जा. चौकशी समिती म्हणून जाऊ नका, भाऊ म्हणून जा. तो मरणाची भाषा बोलत असेल तर त्याला एकटे सोडू नका, डॉक्टरांकडे न्या. 14416 या क्रमांकावर ‘टेलि-मानस’ ही सरकारी सेवा 2022 पासून सुरू आहे. तो क्रमांक प्रत्येक विहाराच्या फलकावर लिहा.

आम्ही आता रात्री दहाला कार्यक्रम सोडून उठतो. ‘भाऊ, इतक्यात निघाले?’ असे कुणी विचारलेच, तर सांगतो, ‘गोळी घ्यायची आहे, झोपायचे आहे. उद्या यायचे आहे ना!’