पाहिले ते सांगणारी मुले

साहसकथा तुम्हां सर्वांना आवडतात, आणि तुमच्या वयाचा असताना मलाही त्या फार आवडत असत. घरातील सर्व माणसे निजली म्हणजे कंदिलाची वात बारीक करून मी अशी कितीतरी पुस्तके वाचून काढली. त्या कथांतला धाडसी मुलगा घनदाट अरण्यात शिरे, सिंहाच्या डोळ्याला डोळा भिडवी, भर समुद्रात देवमाशाचा पाठलाग करी. आणि शेवटच्या पानावर बहुधा बंदुकीचा बार होऊन तो प्राणी धरणीवर कोसळे. पुस्तक मिटताना माझी छाती फुगत असे खरी. परंतु इतके सिंह वाचूनही सिंह दिवसभर काय करतो, पिलांना कसे वाढवितो, हे मला कधीच कळले नाही. त्या कथांत बिचारा सिंह केवळ मरण्यापुरताच येई!

प्राण्यांविषयी जगाला काही नवे सांगणाऱ्या मुलांच्या खऱ्या हकीकती मी पुढे वाचल्या. त्यांत बंदुकीचा बार क्वचितच ऐकू येतो. त्यांत असते ते एखाद्या मुलाचे वा मुलीचे तासन्‌तास पाहत बसणे, आणि मग पाहिले ते जसेच्या तसे कोणाला तरी सांगणे. यांतील दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा कठीण आहे, असे माझे मत आहे. ते का, हे सांगण्यासाठी मी तुम्हांला प्रथम इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर घेऊन जातो.

तेथे डॉर्सेट परगण्यात लाइम रेजिस नावाचे लहानसे गाव आहे. गावाजवळच समुद्राला लागून उंच कडे आहेत. हिवाळ्यात वादळे होतात, लाटा कड्यांवर आदळतात, दरडी कोसळतात, आणि खडकाच्या थरांत दडलेले जुन्या प्राण्यांचे अवशेष उघडे पडतात. या गावी १७९९ साली एका सुताराच्या घरी मेरी ॲनिंग ही मुलगी जन्मली. बाप फावल्या वेळी दगड झालेले शंख-शिंपले वेचून गावात येणाऱ्या पाहुण्यांना विकी, आणि मुलांनाही बरोबर नेई. गुंडाळी करून बसलेल्या सापासारखे दिसणारे जे दगड तेथे सापडत, त्यांना लोक ‘सापाचे दगड’ म्हणत. आपल्या देवघरातील शाळिग्राम तुम्ही पाहिला असेल. नेपाळातील गंडकी नदीत मिळणारा तो दगडही त्याच जातीच्या समुद्रजीवाचा अवशेष आहे. आज जेथे हिमालय उभा आहे तेथे एके काळी समुद्र होता, याची ती साक्षच होय.

१८१० साली मेरीचा बाप वारला आणि मागे कर्ज तेवढे ठेवून गेला. आता दगड वेचणे हा छंद राहिला नाही. ती पोटाची सोय झाली. दुसऱ्या वर्षी तिचा भाऊ जोसेफ यास कड्यात एक विलक्षण डोके आढळले. ते सुमारे चार फूट लांब होते. लांब जबडा, त्यात दातांची रांग, आणि डोळ्याची खाच भली मोठी. लोक म्हणाले, ही सुसर असावी. दरड कोसळून ती जागा पुन्हा झाकली गेली. परंतु मेरीने ती जागा सोडली नाही. ओहोटी लागली की ती कड्याखाली जाई आणि शोध घेई. अखेर १८१२ साली तिला धडाचा सांगाडा सापडला. तेव्हा ती बारा-तेरा वर्षांची, म्हणजे तुमच्याच वयाची होती. मजूर लावून तो सांगाडा खणून काढावा लागला. गावच्या जमीनदाराने तो सुमारे तेवीस पौंडांस विकत घेतला.

ती सुसर नव्हती. आज आपण त्या प्राण्याला इक्थिओसॉर म्हणतो. सुमारे वीस कोटी वर्षांपूर्वी तो समुद्रात पोहत होता. त्याचा आकार माशासारखा असला तरी तो सरपटणाऱ्या प्राण्यांच्या कुळातील होता, श्वास घेण्यास पाण्यावर येई, आणि अंडी न घालता पिलांनाच जन्म देई. असा प्राणी पृथ्वीवर होऊन गेला, ही कल्पनाही त्या काळी पुष्कळांना सहन होत नव्हती. १८१४ साली एका विद्वानाने या सांगाड्यावर निबंध प्रसिद्ध केला. त्यात अनेक गोष्टी होत्या. मात्र ज्या दोन मुलांनी तो शोधला, त्यांचे नाव नव्हते!

याहून मोठा प्रसंग पुढे यायचा होता. १८२३ च्या अखेरीस मेरीला दुसऱ्याच एका समुद्रप्राण्याचा संपूर्ण सांगाडा सापडला. त्याचे नाव प्लेसिओसॉर. त्याचे डोके इवलेसे, आणि मान मात्र एवढी लांब की तीत पस्तीसच्या आसपास मणके! आपल्या मानेत सात मणके असतात, आणि एवढ्या उंच जिराफाच्या मानेतही सातच असतात. त्या सांगाड्याचे चित्र पॅरिसला जॉर्ज क्युव्हिए या महापंडिताकडे गेले. हाडे पाहून प्राणी ओळखण्यात त्याचा हात धरणारा त्या काळी युरोपात कोणी नव्हता. क्युव्हिएने शंका घेतली. अशी मान असूच शकत नाही, दोन प्राण्यांची हाडे कोणीतरी जोडली असावीत, असे त्याला वाटले. विचार करा, केवढी ही आपत्ती! हाडे विकून पोट भरणाऱ्या गरीब मुलीवर लबाडीचा ठपका बसता, तर पुन्हा तिच्या दारी कोण आले असते?

१८२४ च्या फेब्रुवारीत लंडनच्या भूगर्भशास्त्र संस्थेत या सांगाड्यावर चर्चा झाली. मेरी तेथे नव्हती. स्त्रियांना त्या संस्थेचे दार बंद होते. सांगाडा खरा ठरला, आणि क्युव्हिएने आपली चूक मान्य केली. मला या महापंडिताच्या विद्वत्तेपेक्षा त्याची ही कबुली अधिक मोठी वाटते. का, ते पुढे सांगेन.

येथे एक गोष्ट सांगून ठेवतो. मेरीचे काम जिवावरचे होते. १८३३ साली तिच्या डोळ्यांदेखत दरड कोसळली आणि तिचा आवडता कुत्रा तीखाली गडप झाला. तेव्हा हे वाचून कोणी एकटेदुकटे कड्याखाली वा खोल पाण्यात जाऊ नये. पाहण्यासारखे प्राणी अंगणातही पुष्कळ असतात.

याचा पुरावा हवा असेल तर जेन गुडॉल हिची गोष्ट ऐका. ती साडेचार वर्षांची असताना एका शेतावर राहावयास गेली होती. कोंबड्यांची अंडी गोळा करण्याचे काम तिच्याकडे आले, आणि तिला प्रश्न पडला, की एवढे मोठे अंडे बाहेर येते कोठून? तिने मोठ्यांना विचारले. उत्तर समाधानकारक मिळाले नाही. मग ती एका कोंबडीच्या पाठोपाठ खुराड्यात शिरली. कोंबडी भिऊन पळाली. यातून तिने एक धडा घेतला, तो असा की पाठलाग करणाऱ्याला काही दिसत नाही. ती दुसऱ्या, रिकाम्या खुराड्यात गेली आणि गवतात अंग चोरून बसली. सुमारे चार तास ती तशीच बसून होती! इकडे घरी हाहाकार उडाला. पोलिसांपर्यंत वर्दी गेली. संध्याकाळी अंगाला गवत चिकटलेली ही मुलगी धावत आली, तेव्हा कोणत्याही आईने प्रथम दोन धपाटेच घातले असते. पण तिच्या आईने मुलीचे चमकणारे डोळे पाहिले, आणि ती खाली बसून कोंबडी अंडे कसे घालते याची सारी कथा ऐकू लागली.

हीच मुलगी १९६० साली आफ्रिकेतील टांगानिका सरोवराकाठच्या गोंबे येथील अरण्यात चिंपांझी पाहण्यास गेली. एकट्या तरुण मुलीस तेथे राहू देण्यास अधिकारी तयार नव्हते. तेव्हा तिच्या सोबतीला कोण गेले असेल? तीच आई! चिंपांझी आरंभी तिला पाहताच दूर पळत. जेन टेकडीवर दुर्बीण घेऊन महिनेच्या महिने बसून राहिली. एके दिवशी तिने पाहिले, की एक चिंपांझी वारुळाच्या भोकात गवताची काडी घालतो आणि तिला चिकटून आलेली वाळवी खातो. पुढे असेही दिसले, की तो डहाळीची पाने ओरबाडून तिची काडी तयार करतो. हत्यार बनविणारा प्राणी म्हणजे केवळ मनुष्य, अशी तोवर विद्वानांची समजूत होती. ती समजूत एका काडीने मोडली. २०२५ साली ही थोर स्त्री निवर्तली.

आपल्या मुंबईतील सालीम अली यांची गोष्ट अनेकांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. बालपणी त्यांनी छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. म्हणजे येथे बंदूक आहे, हे मी लपवीत नाही. पण चिमणी पडल्यावर त्या मुलाने तिच्या कंठावरचा पिवळा डाग पाहिला, आणि ही नेहमीची चिमणी नाही, हे त्याच्या ध्यानात आले. मामांनी त्यास बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे चिटणीस मिलर्ड यांच्याकडे धाडले. साल होते १९०८. एका अनोळखी गोऱ्या साहेबापुढे मेलेली चिमणी घेऊन उभे राहताना त्या मुलाचे पाय लटपटले असतील. साहेबाने हसण्यावारी नेले नाही. त्याने चिमणीचे नाव सांगितले, एकामागून एक खण उघडले, आणि आत जपून ठेवलेले शेकडो पक्षी मुलाला दाखविले. भारताच्या पक्ष्यांचा सर्वांत मोठा जाणकार त्या दिवशी त्या खोलीतून बाहेर पडला, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

आता माझी गोष्ट. ती सांगण्यास मला आनंद वाटत नाही.

मी घाटावरचा. शिक्षक म्हणून माझी पहिली नेमणूक कोकणातील एका खाडीकाठच्या शाळेत झाली. समुद्र मी तोवर केवळ पुस्तकात पाहिला होता. एके दिवशी मी वर्गात माशांचा पाठ घेत होतो. मासा पाण्याबाहेर जगत नाही, माशाला पापण्या नसतात म्हणून तो डोळे मिटत नाही, असे मी फळ्यावर लिहिले होते. इतक्यात एक मुलगा गुडघाभर चिखलाने माखलेला दारात उभा राहिला. उशीर का झाला, असे मी दरडावून विचारले. तो म्हणाला, “गुरुजी, तिवरांपाशी मासा चिखलावर चालत होता. मी बघत बसलो. त्याने माझ्याकडे बघून डोळे मिटले.”

उशीर केला, वर खोटे बोलतो, आणि तेही मी लिहिलेल्या फळ्यासमोर! मला राग आवरला नाही. मी त्यास दिवसभर बाकावर उभे केले, आणि “मी खोटे बोललो” असे पाटीवर लिहावयास लावले. त्याने ते लिहिले. वर्गातली निम्मी मुले खाडीकाठचीच होती. तो मासा त्यांनी पाहिलेला असलाच पाहिजे. पण माझ्या धाकाने एकानेही तोंड उघडले नाही. त्यानंतर त्या मुलाने वर्गात मला कधी काही सांगितले नाही.

दोन वर्षांनी, बदली होऊन दुसऱ्या गावी गेल्यावर, एका पुस्तकात मी त्या माशाचे चित्र पाहिले. कोकणात त्यास निवटी म्हणतात. कल्ल्यांजवळच्या पोकळीत तो पाणी साठवून ठेवतो, ओल्या कातडीतूनही श्वास घेतो, आणि पुढच्या दोन परांवर रेटा देत चिखलातून सरकतो. मी पुस्तक मिटले. त्या गावी पत्र पाठवावे असे मनात आले, पण पाठविले नाही. गुरुजींनी विद्यार्थ्याची क्षमा कशी मागावी, हे मला कोणी शिकविले नव्हते. आणि क्युव्हिएची हकीकत तेव्हा मला माहीत नव्हती.

निवृत्त झाल्यावर मी त्या गावी गेलो. तो मुलगा आता मोठा बाप्या झाला आहे, खाडीत होडी चालवितो. मी त्यास म्हणालो, “त्या दिवशी तू खरे बोलला होतास. चूक माझी होती.” तो क्षणभर गोंधळला. मग म्हणाला, “गुरुजी, ओहोटी लागलीच आहे. चला, दाखवतो.”

तिवरांच्या मुळांशी त्याने होडी थांबविली. चिखल चकाकत होता आणि त्यावर बोटाएवढे प्राणी इकडून तिकडे सरकत होते. एकाने पाठीवरचा पर उभारून टुणकन उडी घेतली. दुसरा एक आमच्या अगदी जवळ, बिळाच्या तोंडाशी बसला होता. त्याचे डोळे बेडकासारखे डोक्यावर आलेले होते. “हलू नका गुरुजी,” तो हळूच म्हणाला, “हा आता डोळे आत ओढून घेईल.”

आम्ही दोघेही न हलता बसून राहिलो. बऱ्याच वेळाने त्या माशाने एकेक करून दोन्ही डोळे मिटले, आणि पुन्हा उघडले.