पडद्यावरील तास आणि घरची पूर्वतयारी

जून जवळ आला कीं वह्या, पुस्तकें, गणवेष, छत्र्या यांची यादी घरोघरीं होऊं लागते. त्या यादींत गेल्या कांहीं वर्षांत आणखी एका बाबीची भर पडावयास हवी होती. बहुतेक घरांत ती अद्यापि पडलेली दिसत नाहीं. ही बाब म्हणजे पडद्यावरील तास. शिक्षक साताऱ्यास, विद्यार्थी सांगलीस, आणि दोघेही त्याच घटकेस एकमेकांस पाहत व एकमेकांशीं बोलत आहेत, असा हा वर्ग. मार्च २०२० मध्यें शाळा बंद झाल्या तेव्हां तो कसलीही पूर्वसूचना न देतां आपल्या माजघरांत येऊन बसला. पुढें शाळा पूर्ववत् भरूं लागल्या आणि पुष्कळांनीं समजूत करून घेतली कीं पाहुणा गेला. वस्तुतः तो गेलेला नाहीं. स्पर्धापरीक्षांचे वर्ग, परगांवच्या गुरूंकडील गायनाची शिकवणी, परदेशांतील नातवंडांचें मराठी, हें सर्व आज पडद्यावरूनच चालतें. शिवाय आपण कृष्णाकांठचे लोक. ऑगस्ट २०१९ मध्यें सांगलीच्या आयर्विन पुलापाशीं पाणी ५७ फुटांवर चढलें, आणि तेथें धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे. जुलै २०२१ मध्यें पुन्हां पूर आला. पाणी चढतें तेव्हां वीज आणि रेंज दोन्ही जातात हें खरें. पण पाणी ओसरल्यावरही वर्गांत चिखल असतो किंवा पूरग्रस्तांचीं बिऱ्हाडें असतात. त्या दिवसांत हा तासच उपयोगीं पडावयाचा आहे.

तयारी म्हटली कीं लोक प्रथम यंत्राची चौकशी करतात. यंत्राची गोष्ट थोडक्यांत आटोपण्यासारखी आहे. खिडकी शिक्षकाच्या पाठीमागें असूं नये, समोर असावी. नाहींतर मुलांना चेहऱ्याच्या जागीं काळी सावली दिसते. फोन हातांत न धरतां चारपांच जाड पुस्तकांच्या थप्पीवर डोळ्यांच्या उंचीला ठेवावा. धड्याचा कागद आदल्या दिवशींच पाठवून द्यावा, म्हणजे मध्येंच तार तुटली तरी मुलापाशीं कांहीं तरी उरतें. आणि तास तुटल्यास काय करावयाचें हेंही मुलांना आधीं सांगून ठेवावें. एवढें झालें कीं यंत्राचा विषय संपला.

शिक्षकाची तयारी याहून अवघड आहे. वर्गांत चाळीस वर्षें उत्तम शिकविणारा मनुष्य पडद्यासमोर अडखळतो, याचें कारण त्याचें ज्ञान कमी पडतें हें नव्हे. वर्गांत तो चेहरे वाचून शिकवीत असतो. मागच्या बाकावरील कपाळाला आठी पडली कीं तो उदाहरण बदलतो. पडद्यावर ते चेहरे टिकलीएवढे होतात, कित्येकांचा कॅमेरा बंदच असतो, आणि आवाज क्षणभर उशिरां पोंचत असल्यानें प्रश्न विचारल्यावर एक विचित्र शांतता पडते. त्या शांततेस घाबरून तो स्वतःच उत्तर सांगून टाकतो. आमच्या मतें पडद्यावरील तास बिघडतो तो बहुधा येथेंच. प्रश्न नांव घेऊन विचारावा, आणि मग मनांत दहा अंक मोजून थांबावें. याहूनही चांगला उपाय जुन्या पाटीचा आहे. प्रत्येक मुलानें उत्तर पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहून एकाच वेळीं कॅमेऱ्यासमोर धरावें. वीस पाट्यांवरून एक नजर फिरवली कीं कोणाचें कोठें चुकतें तें अर्ध्या मिनिटांत कळतें, आणि मूलही नुसतें पाहत न बसतां लिहीत राहतें. केंद्र सरकारनें जुलै २०२० मध्यें 'प्रज्ञाता' या नांवानें ज्या सूचना काढल्या त्यांत आठवीपर्यंत दिवसाला ३० ते ४५ मिनिटांचे दोनच तास, आणि नववीच्या पुढें जास्तींत जास्त चार, अशी मर्यादा घातली होती. ती आजही ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. वर्गांतलें दीड तासांचें बोलणें जसेंच्या तसें पडद्यावर ओतूं पाहणाऱ्यांस ती जाचक वाटेल. धडा नव्यानें बेतणाऱ्यास वाटणार नाहीं. आणि प्रत्येक शिक्षकानें एकदां तरी दुसऱ्या खोलींत बसून, घरांतील सर्वांत लहान फोनवर, सहकाऱ्याचा तास विद्यार्थी होऊन ऐकावा. फळ्यावरचीं आपलीं अक्षरें मुलांना कशीं दिसत असतील हें एकदां पाहिलें कीं निराळ्या प्रशिक्षणाची फारशी गरज राहत नाहीं.

पडदाच नसेल तर? पाटण-जावळीच्या खोऱ्यांत रेंज नाहीं, माण आणि जत तालुक्यांत कित्येक घरीं फोन एकच, आणि तोही वडिलांबरोबर रानांत किंवा कामावर जाणारा, अशी २०२० सालीं स्थिति होती. माण तालुक्यांतील एका प्राथमिक शिक्षकांनीं तेव्हां साध्या फोनवर कॉन्फरन्स कॉल लावून मुलांना गोष्टी ऐकविल्या. चित्र नाहीं, पडदा नाहीं, पण बोलणारा आणि ऐकणारा एकाच घटकेस जोडलेले. तास जिवंत राहण्यास कमींत कमी काय लागतें याचा हा चांगला दाखला आहे.

आतां ज्यासाठीं आम्ही हें लिहावयास बसलों तो विषय, म्हणजे घर. शाळेची इमारत गांवानें बांधलेली असते. पडद्यावरील शाळेची इमारत म्हणजे आपलेंच घर. भिंती आपल्या, घंटा आपली, आणि शिपाईही आपणच. एकत्र कुटुंबांत ही शाळा नीट चालावयाची तर दोन माणसांकडे विशेष लक्ष पुरवावें लागेल.

पहिली घरची मुलगी. फोन दोन आणि शिकणारीं मुलें चार असलीं म्हणजे वाटणी कशी होते हें सर्वांना ठाऊक आहे. थोरला दहावीस, त्याला एक द्यावाच लागतो. दुसरा धाकट्या भावाकडे जातो, कारण तो न मिळाल्यास रडून घर डोक्यावर घेतो. आणि सातवींतील मुलगी समजूतदार, म्हणून तिनें मागाहून मैत्रिणीची वही पाहून उतरून काढावें असें ठरतें. समजूतदारपणाची ही शिक्षा मुलीलाच कां? सावित्रीबाई फुले यांचें जन्मगांव नायगांव याच सातारा जिल्ह्यांत आहे, आणि आपण त्यांची जयंती दरवर्षीं ३ जानेवारीस साजरी करतों. वाटणी तोंडी ठेवूं नये. कोणाचा तास किती वाजतां, कोणता फोन, कोणती खोली, हें कागदावर लिहून भिंतीवरील कालनिर्णयाशेजारीं लावावें. लिहिलेलें मोडण्यास मोठ्या माणसांनाही थोडी लाज वाटते.

दुसरी व्यक्ति घरची सून, जर ती शिक्षिका असेल तर. वर्गांत तिचें बोलणें मुलांखेरीज कोणी ऐकत नाहीं. येथें ती सासरच्या घरांत सासूसासरे, दीर-नणंदा यांच्या कानांवर पडेल असें बोलते, आणि पडद्यापलीकडे चाळीस घरांतील वडील मंडळी कान देऊन असतात ती निराळीच. तिचा तास चालूं असतां स्वयंपाकघरांतून कुकरच्या शिट्या येतात, कोणी तरी दूधवाल्याचे पैसे विचारावयास दार उघडतें, आणि बाहेर असा समज कीं ती घरींच तर आहे. तिला दाराला कडी लावण्याचा अधिकार आहे, हें घरांतील वडीलधाऱ्यांनींच सर्वांसमोर बोलून दाखविलें पाहिजे. तिनें स्वतः मागितला तर तो उद्धटपणा ठरतो, आणि त्यापेक्षां ती गप्प राहणें पसंत करते. असें बोलून दाखविणारे सासरे आम्हीं पाहिले आहेत. संख्येनें थोडे, पण आहेत.

आजोबांस एक विनंति. नातवाच्या मागें बसून त्याला हळूच उत्तरें सांगूं नयेत. शिक्षकांना ऐकूं येतें.

या शाळेचें दार बंदही करतां आलें पाहिजे. सांगली जिल्ह्यांतील मोहित्यांचे वडगांव येथील मंडळींच्या लक्षांत आलें कीं तासासाठीं हातांत दिलेला फोन तास संपल्यावरही मुलांच्या हातून सुटत नाहीं. तेव्हां ऑगस्ट २०२२ पासून त्या गांवीं सायंकाळीं ७ वाजतां देवळावरील भोंगा वाजूं लागला. तो वाजला कीं घराघरांतील दूरदर्शन संच आणि फोन बंद व्हावयाचे, ते ८॥ पर्यंत. तोंवर मुलांनीं अभ्यास-वाचन करावें, मोठ्यांनींही फोनला हात लावूं नये. नियम मोठ्यांनाही लागू, यांतच त्याचें बळ आहे असें आम्हांस वाटतें. वाड्यावाड्यांतून भोंगा लावतां येणार नाहीं, पण देवापुढें सांजवात लागण्याची वेळ अजून पुष्कळ घरीं पाळली जाते, आणि ती याच सुमारास येते.

ज्या घरीं तासांचें असें वेळापत्रक भिंतीवर लावलें जाईल, त्यांनीं तें महिनाभर टिकलें कीं नाहीं, आणि न टिकल्यास प्रथम कोणाचा तास त्यांतून गळाला, हें आम्हांस अवश्य कळवावें.