फर्नेसच्या दारावरची सोलापुरी चादर

मा. पदाधिकारी,
बृहन्महाराष्ट्र मंडळ, उत्तर अमेरिका यांस,



अधिवेशनातल्या जेवणाच्या रांगेबद्दल तक्रार करायला हे पत्र लिहीत नाही. मला तुमच्याकडून अर्धं पान हवं आहे. मंडळाच्या ‘बृहन्महाराष्ट्र वृत्ता’त, दर ऑक्टोबरात, आणि मराठीतच. विषय शोभेचा नाही: क्लॉझेटमध्ये बसवलेली गॅसची फर्नेस आणि तिला लागणारी हवा.

मराठीतच का, ते सांगतो. काही वर्षांपूर्वी ऐन डिसेंबरात बायकोच्या बाळंतपणासाठी आई आली. शिकागोजवळच्या आमच्या टाउनहाउसमध्ये फर्नेस आणि पाण्याचा हीटर पॅसेजमधल्या एकाच क्लॉझेटात आहेत. दाराला वर-खाली झडपा. फर्नेस सुरू झाली की घरघर ऐकू यायची आणि बाळ दचकून उठायचं. आईनं साधा उपाय केला. जाडजूड सोलापुरी चादर दारावर टांगली आणि खाली रिकामी बॅग उभी केली. बाळ शांत झोपलं, सगळ्यांनी आईचं कौतुक केलं. मीही केलं, आणि मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे!

दोन दिवसांत बायकोचं डोकं दुखू लागलं, आईला मळमळू लागलं. ‘पित्त झालंय, आल्याचा रस घे,’ असं चाललं होतं. मी दिवसभर ऑफिसात, म्हणून मला काहीच नाही. तिथंच शंका यायला हवी होती. तिसऱ्या संध्याकाळी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म किंचाळला. आम्ही बाळाला घेऊन बर्फात उभे राहिलो. अग्निशमन दलाच्या माणसानं गॅस बंद केला आणि चादर हातात घेऊन विचारलं, हे काय आहे? सगळे बचावलो. झडपा झाकू नका, असा स्टिकर त्या दारावर होता. इंग्रजीत. आईला ती कंपनीची जाहिरात वाटली होती.

आता थोडा हिशेब. एक घनफूट नैसर्गिक वायू पूर्ण जळायला साधारण दहा घनफूट हवा लागते. आमची फर्नेस ताशी ८०,००० बीटीयूची, हीटर ४०,००० चा. दोन्ही पेटले की मिनिटाला किमान २० घनफूट हवा हवी. क्लॉझेटची जागा जेमतेम शंभर घनफूट. म्हणजे दार घट्ट असेल तर पाच मिनिटांत पुरवठा संपला. मग ज्योत उपाशी जळते, कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून घट्ट चिकटतो.

म्हणूनच गॅस उपकरणांसाठीची एनएफपीए ५४ ही अमेरिकी संहिता दर १,००० बीटीयूमागे ५० घनफूट जागा मागते. आमच्यासाठी ६,००० घनफूट, म्हणजे आठ फुटी छताखाली ७५० चौरस फूट मोकळं घर. क्लॉझेटला ते जोडायचं तर दोन खिडक्या: एक छतापासून १२ इंचांत, दुसरी जमिनीपासून १२ इंचांत. प्रत्येकीत दर १,००० बीटीयूला एक चौरस इंच, कमीत कमी १००. आमच्या दारात प्रत्येक खिडकीला १२० चौरस इंच मोकळी वाट लागते. पण लाकडी झडपांची मोकळी जागा पावच धरतात, म्हणजे झडपांचा प्रत्येक पट्टा ४८० चौरस इंचांचा हवा. आपली माणसं दार बदलताना नक्षी पाहतात, हा गुणाकार कोणी करत नाही.

आणखी एक खास आपला प्रकार. फोडणीच्या धुराला घाबरून आपण चुलीवर दणकट एक्झॉस्ट बसवतो. खिडक्या बंद, एक्झॉस्ट जोरात. घरात हवेची ओढ तयार होते आणि साध्या हीटरच्या धुराड्यातला धूर वर जाण्याऐवजी उलटा घरात येतो. चाचणी देवघरातच आहे. एक्झॉस्ट चालू ठेवा, हीटर पाचेक मिनिटं जळू द्या, आणि धुराड्याच्या तोंडाशी उदबत्ती धरा. धूर आत ओढला जायला हवा. बाहेर फेकला गेला तर हीटर बंद करून तंत्रज्ञाला बोलवा. ज्यांच्या फर्नेसला बाहेर जाणारे दोन पांढरे पाइप आहेत, त्यांची हवा बाहेरूनच येते. पण शेजारचा हीटर मात्र बहुधा जुनाच असतो.

अलार्म आहे ना, असं म्हणून स्वस्थ बसू नये. हवेत दहा लाख भागांत ७० भाग कार्बन मोनॉक्साइड असला तरी अलार्म तासाभरानं, कधी चार तासांनी वाजतो. तोवर पित्ताचं औषध दोनदा घेऊन झालेलं असतं.

पुण्या-नाशिकच्या बातम्यांत बंद न्हाणीघरातला गॅस गिझर आपण वाचतो आणि हळहळतो. इथं तोच प्रश्न भिंतीतल्या दारामागे आहे, आणि त्या दारापुढची जागा गणपतीच्या मखराचे खोके ठेवायला फार सोयीची.

१९८१ मध्ये स्थापन झालेलं मंडळ आपल्या शाळा, अधिवेशनं सांभाळत आलं आहे. हे अर्धं पान त्यापुढे काहीच नाही. मजकूर मी लिहून देतो, मानधन नको. फक्त मथळा मोठ्या टाइपात छापा, आईला चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या.

आपला,
एक सभासद