मारा कशाचा, हाच प्रश्न

पडलेल्या दाताच्या जागी बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू जबड्यात पक्का राहतो, तो केवळ आट्यांच्या जोरावर नव्हे. हाड त्याला थेट चिकटते. स्वीडनचे पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये असे पहिले रोपण रुग्णाला बसवले. पृष्ठभाग किंचित खडबडीत असेल, तर हाड अधिक चांगले धरते, हे पुढे कळले. हा खडबडीतपणा जेमतेम एक-दोन मायक्रॉनचा. तो आणण्याची एक रूढ पद्धत म्हणजे ब्लास्टिंग, म्हणजे दाबाच्या हवेने बारीक कणांचा मारा.

मारा कशाचा करायचा, यावर बरेच काही अवलंबून असते. पोलादी कण वापरले, तर लोखंडाचे अंश टायटॅनियममध्ये रुततात आणि पुढे गंजतात. अ‍ॅल्युमिनाचे पाव ते अर्ध्या मिलिमीटरचे कण मारून मग आम्लाने पृष्ठभाग कोरणे, ही प्रचलित रीत. पण त्याचेही काही कण मागे उरू शकतात. कॅल्शियम फॉस्फेटचे कण आम्लात विरघळतात, शिवाय हाडाला ते परके नसतात. नुसती चमक कमी करायची असेल, तर काचेचे गोल मणी पुरतात.

साधी वाळू मात्र कोणत्याही कामाला नको. आदळताच ती फुटते आणि डोळ्यांना न दिसणारी सिलिकाची धूळ कामगाराच्या फुप्फुसात खोल जाऊन बसते. त्यातून होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. क्षयाचा धोकाही वाढतो. ब्रिटनने १९४९ च्या नियमांनीच वस्तू साफ करण्यासाठी होणारा वाळूचा मारा रोखला. जीन्सला जुनाट रूप देणारे तरुण कामगार दगावल्यावर तुर्कस्तानने २००९ मध्ये त्या उद्योगात बंदी घातली. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्याने हा आजार सरकारला कळवणे बंधनकारक केले. पण आजार कळवेपर्यंत फुप्फुस गेलेले असते.

कण बदलले म्हणजे सगळे झाले, असेही नाही. टायटॅनियमची बारीक धूळ पेट घेते. त्यामुळे बंद कॅबिनेट, धूळ ओढून घेणारी यंत्रणा आणि ठिणगीपासून अंतर हवेच. पोलादासाठी वापरलेले कण पुन्हा टायटॅनियमवर मारू नयेत.

रोपण विकत घेताना रुग्णालये किंमत आणि प्रमाणपत्र पाहतात. त्यांनी आणखी दोन गोष्टी विचाराव्यात: पृष्ठभागावर मारा कशाचा केला, आणि तो करणाऱ्या कामगाराच्या छातीची तपासणी शेवटची कधी झाली? एकाचा जबडा सावरताना दुसऱ्याचा श्वास जाता कामा नये.